पास झालेला माल

दीर इस्पितळातून तडक प्रयोगशाळेत आला तेव्हा भरदुपार होती. डाव्या डोळ्यावर पट्टी, हातात हातभर लांबीचा लोखंडी पाना. पहिल्याच फटक्यात त्याने वजनकाट्याची काच फोडली.

“कुणी पास केला तो माल?”

त्याची वहिनी मागच्या टेबलाशी होती. तिचं कामच गोळ्या फोडण्याचं. अल्युमिनाच्या वाटाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या, आतून सच्छिद्र. त्या छिद्रांत धातू मुरवला की उत्प्रेरक तयार. छिद्रं जास्त तर काम जास्त, पण गोळी नाजूक. एकेक गोळी यंत्राखाली दाबायची, किती जोराला फुटते ते लिहायचं. दीर थट्टेनं तिला ‘फोडवाली’ म्हणायचा.

तो शेजारच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टर चालवायचा. आठवड्यापूर्वी आत इथूनच गेलेल्या गोळ्यांचा भुगा झाला, वाट तुंबली, दाब चढला, पाइपाचा सांधा फाटला आणि वाफ थेट त्याच्या तोंडावर आली.

साहेब केबिनमधून बाहेर आले. “हे बघा, शांतपणे...”

पाना त्यांच्या खांद्यावर बसला. ते कोसळले. दिराने छातीवर गुडघा रोवला आणि ट्रेमधल्या मूठभर गोळ्या त्यांच्या तोंडात कोंबल्या. “चावा! बघू किती टणक!” दात तुटला. पांढऱ्या गोळ्या लाल होऊन ओठांतून सांडल्या.

“सोड त्यांना! सही माझी आहे.”

तो वळला. “वहिनी, तुझी?”

“कोरड्या टिकत होत्या. बारा तास वाफेत ठेवल्या की बोटानं चुरायच्या. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, गिऱ्हाईक कोरडा आकडा मागतं, तोच दे. मी दिला.”

तिला वाटलं, आता हा रडेल. त्याने पाना फिरवला. तिने उजवा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तेवढ्यात रखवालदारांनी त्याला मागून ओढून पाडलं आणि लाथांनी तुडवलं.

“डोळ्याला नको!” ती किंचाळत राहिली. “डोळ्याला नको!”

पोलिसांना तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं. साहेबांची नोकरी गेली, तिची राहिली, दीर आठ महिने आत गेला. नवरा एकदाच बोलला, “कुणाची बाजू घेऊ?”

हात वाकडाच जुळला. ती डाव्या हाताने लिहायला शिकली. गोळ्या वाफेत टिकाव्यात म्हणून मिश्रणात लँथॅनम हा धातू घातला, भट्टीचं तापमान बदललं, गोळ्या वाफेत शिजवल्या, फोडल्या. एक मिश्रण तीनशे तास टिकलं.

दीर सुटला तेव्हा ती त्याच्या दारी गेली आणि त्याला हे सांगितलं.

“मी तुला मारलं,” तो म्हणाला.

“हो. आणि तुझा डोळा माझ्यामुळे गेला.”

त्याने दाराची चौकट धरली. “नुसती वाफ सोडून काय होतंय? रिअ‍ॅक्टर मधेच बंद पडतो, गार होतो, परत तापतो. तसं करून फोड.” आणि त्याने दार लावलं.

तिने तसं केलं. टिकलेल्या गोळ्या तिसऱ्याच फेरीत तडकल्या. पुढची अकरा मिश्रणं फुकट गेली, बारावं टिकलं. तो माल दिराच्या जुन्या रिअ‍ॅक्टरमध्ये भरून आता दोन वर्षं झाली, भुगा झालेला नाही. दीर मात्र तिच्या घरी पुन्हा कधीच आला नाही.