मार्व्हाचे हसू

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो. दिवाणखान्यात विणलेल्या रुमालाखाली झाकून ठेवतात, तो नव्हे. डेल्बर्टच्या मालवाहू गाडीत, स्टिअरिंगच्या शेजारी मला बसवले आहे. माझे एक बटण केव्हाच पडले. तिथे त्याने बाटलीचे बूच ठोकले. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात माझे आयुष्य गेले. मला माझ्या कामाचा गर्व होता. जसा आवाज येतो तसा मी पोचवतो, पदरचे काही घालत नाही.

डेल्बर्ट आणि त्याची बायको मार्व्हा गांजा पिकवत. आधी चोरून, मग रीतसर परवाना काढून. बाजाराला जाताना दोघांची माझ्यासमोर जुंपायची आणि शेवटी मार्व्हा हसायची. काय ते हसणे! आधी श्वास अडकल्यासारखी गप्प, मग नाकातून फुर्र, आणि मग अख्खी गाडी हलायची.

"अगं हळू! समोरचा घाबरून खड्ड्यात जाईल."

"जाऊ दे की! तुझं चालवणं बघून तो आधीच अर्धा गेलाय."

एका उन्हाळ्यात सिनेमावाले आले. दोन गांजेकस मित्रांचा विनोदी सिनेमा होता आणि त्यांना माणसे इथलीच हवी होती. मार्व्हाला दुकानदारणीचे छोटे काम मिळाले. दोघे नायक गल्ल्यापुढे येऊन काहीबाही बरळतात आणि ती हसते, एवढेच. त्याच वर्षी हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि मार्व्हा गेली.

घरात तिचे फोटो होते, आवाज मात्र कुठेच नव्हता. कुणी फोन समोर धरला की ती तोंडावर हात धरून पळायची. म्हणून डेल्बर्ट त्या सिनेमाकडे डोळे लावून बसला. ‘हसून हसून पोट दुखेल!’ अशी जाहिरात माझ्यातून दिवसभर वाजे आणि प्रत्येक वेळी तो मला मोठा करी.

"सगळा गाव येणार बघ," पेंडीच्या दुकानातली ट्रूडी त्याला म्हणाली. "मार्व्हा दिसली रे दिसली की हॉर्न वाजवून रान उठवू!"

आमच्याकडे सिनेमा उघड्या मैदानात लागतो. माणसे आपापल्या गाडीत बसून बघतात, आवाज गाडीच्या रेडिओवर ऐकतात आणि आवडले की हॉर्न वाजवतात. त्या संध्याकाळी डेल्बर्टने टाय बांधला होता. बाहीने त्याने मला पुसले.

सिनेमा अगदीच रटाळ निघाला. दोघे धूर सोडत, खोकत आणि पडत. पुन्हा धूर, पुन्हा खोकला. एकही हॉर्न वाजला नाही. कंटाळून काही गाड्या निघाल्या, त्यांचे दिवे पडद्यावरून फिरून गेले.

"थांबा रे, ती यायचीय अजून," डेल्बर्ट पुटपुटला.

आणि ती आली. हिरवा एप्रन, गल्ल्यामागे उभी. तिने तोंड उघडले आणि माझ्यातून कुणा तरुण पोरीचे बारीक, घोटवलेले खिदळणे बाहेर पडले. सिनेमावाल्यांनी मार्व्हाचे हसू काढून टाकून दुसरीचे चिकटवले होते.

मित्रांनो, मला तो आवाज अडवता आला नाही. जसा आला तसा मी पोचवला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ट्रूडीने हॉर्न वाजवला. मग उरलेल्या सगळ्या गाड्यांनी वाजवला. डेल्बर्टने खिडकीतून हात वर केला आणि दुसऱ्या हाताने मला बंद केले. पडद्यावर ते दोघे मुक्याने खोकत राहिले.

सिनेमा संपल्यावर ट्रूडी डोळे पुसत खिडकीशी आली. "सिनेमा भिकार, पण आपली मार्व्हा! अगदी तश्शीच हसली ना रे?"

डेल्बर्टने टायची गाठ सैल केली.

"हो," तो म्हणाला. "तश्शीच."

त्यानंतर त्याने मला कधीच लावले नाही. माझ्यावर धूळ बसली आहे; तिचे मला काही नाही. पण एक विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी मनापासून हसत असेल, तर माझ्यासारख्याला खुशाल बंद करा आणि ऐका. बातम्या तासाभराने पुन्हा लागतात.