साडूची बारा तारांची गिटार

चित्रांना आणि आरशांना लाकडी चौकटी करून देणाऱ्या त्या माणसाला सगळे चौकटवाले म्हणत. तीस वर्षं तो गिटार वाजवत होता. रीतसर शिकवणी लावून शिकला होता, वह्या भरल्या होत्या, दुकान उघडण्याआधी रोज तासभर बसायचा. त्याचं बोट कधी चुकत नसे. पण त्याने वाजवायला घेतलं की घरातली माणसं एकेक करून कामाला लागत, हेही खरं.

त्याचा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, तलावावर पोहायला शिकवायचा. त्याने गिटार हातात धरून जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि तीही कुणाकडे न शिकता. पाण्यात भिजून बोटांची टोकं मऊ पडलेली, त्यात तारा रुतायच्या. तरी तो वाजवायला लागला की सासूबाई हातातलं भांडं तसंच घेऊन दाराशी येऊन उभ्या राहत. चौकटवाला साडूला पाण्यात पाहायचा. साडू दिवसभर असायचाही पाण्यातच, त्यामुळे त्याला त्यात काही वेगळं वाटलं नसावं.

एके दिवशी साडूचा फोन आला. "दादा, एक जुनी गिटार विकायला आहे. बारा तारांची. बघायला चला ना माझ्याबरोबर. मला लाकडातलं ओ की ठो कळत नाही."

बारा तारांची गिटार चौकटवाल्याला विशीपासून हवी होती. तिच्यात तारा जोडीजोडीने असतात. एकटा माणूस वाजवतो आणि दोघं वाजवताहेत असं वाटतं. दरवर्षी तो म्हणायचा, पुढच्या वर्षी घेऊ. आणि आता ती घेणार कोण, तर हा.

गिटार एका निवृत्त नर्सबाईंची होती. त्यांच्या बोटांचे सांधे धरले होते, तारा दाबवत नव्हत्या. दोन खोल्यांचं घर, खिडकीजवळ एक खुर्ची आणि त्या खुर्चीवर गिटार, एखाद्या पाहुण्यासारखी बसवलेली. वरची फळी जुनी होऊन मधाच्या रंगाची झाली होती. बाईंचा हात टेकायचा तिथे पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालं होतं.

चौकटवाल्याने ती उचलली. डोळा लावून दांडी पाहिली. रेघ मारल्यासारखी सरळ. एकदा सगळ्या तारांवरून अंगठा फिरवला आणि खोली भरून गेली. त्याने पुन्हा फिरवला. मग पुन्हा.

"कशी आहे?" साडूने विचारलं.

बारा तारांचा ताण मोठा असतो. जुन्या गिटारीत तारा जिथे अडकवतात ती घोडी फळीपासून सुटू लागते. ते पाहायला त्याने खिशातून कागदाचा कपटा काढला आणि घोडीखाली सरकवला. कागद आत जाईना. त्याने कडेला अंगठा आडवा धरला, कागद थोडा दुमडला आणि म्हणाला, "हा बघ, शिरला. घोडी सुटतेय. दांडीही ओढली गेलीय. वर्षभरात हातात येईल. नको घेऊस."

तोंडातून निघालं तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं. आयुष्यभर लाकडात पाचरी मारल्या, पण माणसाच्या कामात पाचर मारायची ही पहिलीच वेळ.

"तुम्ही म्हणता तर नको," साडू म्हणाला. त्याने मनातही शंका आणली नाही. नर्सबाई चौकटवाल्याच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

तीन दिवस कसेबसे काढून चौथ्या दिवशी चौकटवाला एकटाच तिथे गेला. खुर्ची रिकामी होती.

"तुमचे साडू काल येऊन घेऊन गेले," बाई म्हणाल्या. "म्हणाले, बिघडलेली असली तरी चालेल, आमचे दादा दुरुस्त करतील. त्यांच्या हातात जादू आहे." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला हवी होती, तर तसं म्हणायचं होतं ना."

तो मान खाली घालून जिना उतरला.

दुकानात येऊन पाहतो तर साडू बाकावर बसलेला आणि मांडीवर ती गिटार. "दादा, सावकाश करा. मला घाई नाही."

दुरुस्त करायला काही नव्हतंच. तरी गिटार महिनाभर दुकानात राहिली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो सरस आणि पटाशी बाजूला सारून ती मांडीवर घेई. वाजवायला लागला की वाटे, हे माझंच आहे. आणि थांबला की आठवे, नाही. डबा घेऊन आलेली बायको एकदा दारात बराच वेळ उभी राहिली. "अहो, हिला झालंय तरी काय, की बरीच होईना?" तिने विचारलं. तो डबा उघडायला लागला.

शेवटी एका रविवारी सकाळी तो गिटार घेऊन साडूकडे गेला. बसलासुद्धा नाही.

"हिला काही झालं नव्हतं," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. तू घेऊ नयेस म्हणून."

"माहीत आहे," साडू म्हणाला. "घ्यायला गेलो तेव्हा बाईंनी मला कागद लावून दाखवला. आत जातच नव्हता."

"मग दुकानात कशाला आणून टाकलीस?"

"त्या दिवशी तुम्ही ती खाली ठेवत नव्हतात. म्हटलं, राहू दे थोडे दिवस तुमच्याकडे."

चौकटवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. साडूने दोन शिव्या दिल्या असत्या तर हिशेब मिटला असता. आता मनाच्या मोठेपणातही त्यानेच बाजी मारली होती, आणि तीही काही न शिकता.

"बसा तरी," साडू म्हणाला. "मला हिच्या तारा लावता येत नाहीत. सहा लावतो तोवर पहिल्या तीन उतरतात."

तारा लावायला अर्धा तास गेला. चौकटवाल्याने एकेक जोडी जुळवून दिली. मग साडूने गिटार घेतली आणि डोळे मिटून काहीतरी साधंच वाजवलं. मेहुणी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. एरवी अशा वेळी चौकटवाल्याला बाहेर काहीतरी काम निघायचं. आज तो बसून राहिला. पोटात दुखत होतं, ते दुखू दिलं.

साडूचं वाजवून झाल्यावर तो जरा पुढे सरकला. हे शब्द तोंडातून काढणं त्याला खोटं कबूल करण्यापेक्षाही जड गेलं.

"तो उजवा हात कसा सोडतोस रे, मोकळा? मला दाखव."

साडू गोंधळला. "दादा, ते मला कुठे शिकवता येतंय? तसा जातो आपोआप."

"पोहायला शिकवतोस ना लोकांना? तसं शिकव."

साडूने गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि मागून त्याचं मनगट धरलं. "मग आधी श्वास सोडा," तो म्हणाला. "तुम्ही वाजवताना श्वास धरून ठेवता."