मूळ मापाचं चाक

शिशाची एवढीशी पट्टी — नखाएवढी, एका बाजूने चिकट — चाकाचा तोल साधायला आतल्या कडेला चिकटवतात तसली. जुन्या चाकावरून त्याने ती सहज उचकटली होती आणि आता ती त्याच्या तळहातावर होती, आणि तळहातावर ती स्वस्थ बसत नव्हती. दुकानातल्या दिव्याचा उजेड तिच्या कडेवर येत होता, जात होता, परत येत होता... त्याने मूठ मिटली. पंख्याचा वारा असेल.

"साहेब, हे उचलून तर बघा," दुकानदाराने नवं चाक काउंटरवर आडवं ठेवलं. "एका हाताने! ओरिजिनलच्या निम्मं वजन."

"निम्मं नाही. अकराच्या जागी साडेसात किलो," तो म्हणाला. उचललं मात्र नाही.

"तेच ते हो."

तेच ते! सगळी नोकरी लॅबमध्ये वजनकाटे तपासण्यात गेली, आणि आता या माणसाकडून ऐकून घ्यायचं — तेच ते. लॅबमधली पोरं त्याला पाठीमागे 'काटा' म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नवीन पोराला तो पहिल्याच दिवशी सांगायचा, काटा थरथरला तर आधी टेबल तपास, मग खिडकीचा वारा, मग यंत्र, आणि सगळ्यात शेवटी — इथे तो हसायचा, हटकून हसायचा — सगळ्यात शेवटी स्वतःला तपास.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा यांना," दुकानदार त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे वळला. "दोन सीटची अशी देखणी स्पोर्ट्स कार, आणि हे मागतायत मूळ मापाचं, सतरा इंची! म्हणजे नवरदेवाला ऑफिसचा शर्ट. अठरा टाका, रुंदी जरा वाढवा, गाडी कशी भरल्यासारखी दिसेल."

"नवरदेव साठीला आलाय," बायको म्हणाली. "शर्टच बरा."

दुकानदार मोठ्याने हसला. तोही हसला, मूठ खिशात गेली होती.

मूळ मापाचंच. व्यास तोच, रुंदी तीच, मधलं भोक तेच. फक्त हलकं, आणि ओतीव नव्हे तर घडीव. कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, नाहीतर काय कशामुळे झालं हे जन्मात कळत नाही. स्टिअरिंग थरथरतं — या एका तक्रारीसाठी टायर बदलून झाले, खालचे रबरी बुश झाले, बॅलन्सिंग तर इतक्यांदा की मशीनवाला आता पडद्यावरच्या शून्यावर नुसतं बोट ठेवायचा, त्याच्या तोंडाकडे न बघता. सिग्नलला उभ्या गाडीतही ते थरथरायचं. उभ्या गाडीचं चाक स्टिअरिंग थरथरवेल कसं, हा प्रश्न त्याने लॅबमधल्या कुठल्याही पोराला विचारला असता आणि उत्तर आलं नाही म्हणून झापलं असतं. स्वतःला त्याने इंजिनाचं कारण सांगितलं आणि इंजिनाखालची रबरं बदलून घेतली. आता फक्त चाकं उरली होती. आत कुठेतरी वाकलेली असतील, डोळ्याला न दिसण्याइतकी, मशीनलाही न कळण्याइतकी...

बायको एकदा गाडी चालवत गेली होती, त्यानेच सांगितलं होतं म्हणून. परत आली, किल्ली खुंटीला अडकवली.

"माझ्या हाताला तर काही लागलं नाही."

"तुझं लक्ष नसतं," तो म्हणाला होता. आणि त्याच आठवड्यात घरातल्या, कपाखाली किणकिणणाऱ्या बश्या गेल्या. एकदम नाही — आधी चहा मगात यायला लागला, नंतर तो मगही पाऊणच भरून, मग एक दिवस फडताळात बश्यांच्या जागी डाळीचे डबे. एका शब्दाने बोलली नाही. भांडली असती तर परवडलं असतं. काय अधिकार होता तिला, न विचारता इतकं समजून घेण्याचा?

"घेऊन टाक ना," ती आता म्हणत होती. "एकदा बसव. म्हणजे समाधान होईल. मग मी पण एक चक्कर मारून बघते."

किती साधं वाक्य! आणि त्यात किती व्यवस्थित प्रयोग मांडला होता तिने. मूळ माप, नवं चाक, दोन चालक. इतकी वर्षं काट्याच्या घरात राहून शिकली होती ती. चाकं बसतील, ती चालवेल, मग मी चालवेन, आणि नंतर तपासायला काही उरणार नाही. टेबल नाही, वारा नाही, यंत्र नाही.

"मग साहेब? सतराच टाकू ऑर्डरमध्ये?"

खिशातली पट्टी गरम झाली होती, बोटांवर बारीक टकटकत होती.

"ते अठरा इंची," तो म्हणाला. "रुंद म्हणालात ते. दाखवा बरं."

रुंद चाक रस्त्यातली प्रत्येक चीर पकडतं, स्टिअरिंग ओढतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानंतर काहीही थरथरलं तरी सांगायला कारण असणार होतं, चांगलं, शास्त्रीय, कोणीही खोडू न शकणारं कारण. आयुष्यात पहिल्यांदाच तो समजून उमजून दोन गोष्टी एकदम बदलत होता... आता ती बोलेल. म्हणेल, अरे, मूळ मापाचंच म्हणत होतास ना? त्याने तिच्याकडे पाहिलं, जवळजवळ आशेने. बोल. एकदा तोंडावर बोल.

तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"दाखवा हो त्यांना," ती दुकानदाराला हळूच म्हणाली. "मोठीच दाखवा."

दुकानदार खुशीत आत गेला. दोघं चाकाच्या दोन बाजूंना उभी राहिली. घरातलं ते बश्यांचं फडताळ बंद केल्याचा ओळखीचा आवाज त्याला इथे, या दुकानात ऐकू आला, आणि तिचा राग येतोय की तिला धरून उभं राहावंसं वाटतंय, हे काही केल्या त्याला मोजता येईना.