रुमालाखालची तीन वर्षं

मी बॅटरी बोलतेय. घड्याळातली नव्हे, लॅपटॉपच्या पोटातली. वय वर्षं पाच. आमच्यात याला म्हातारपण म्हणतात. म्हणू देत.

बारामतीच्या दुकानातून मला कळंबला आणलं ते प्रियदर्शनीच्या, घरच्यांच्या पिऊच्या, इंजिनिअरिंगसाठी. पहिलं वर्ष आम्ही दोघींनी धमाल केली. एसटीत, कॅन्टीनमध्ये, मैत्रिणीच्या खोलीवर मी रिकामी व्हायचे, भरायचे, पुन्हा रिकामी. दुसऱ्या वर्षी तिनं कॉलेज सोडलं. तिला यंत्रं नको होती, चित्रं काढायची होती, आणि हे तिनं घरच्यांना तोंडावर सांगितलं. आठवडाभर कुणी नीट जेवलं नाही. मग तिच्या आजोबांनी, ज्ञानदेवआबांनी, लॅपटॉप ताब्यात घेतला.

घेऊन केलं काय? टेबलावर ठेवला, वर विणलेला रुमाल घातला आणि चार्जर लावला. तो काढलाच नाही. आबांची अक्कल शेततळ्याची. लाइट आली की मोटर सुरू, तळं काठोकाठ. तशी मी तीन वर्षं काठोकाठ, रुमालाखाली तापत, कुणाच्या उपयोगाची नाही. मोठ्यांना वाटतं झाकून ठेवलं म्हणजे जपलं. विचारायची सवय नाही, ऐकायची तर मुळीच नाही.

माझी ताकद घटलीच, वर मोजमापही चुकलं. आपल्यात किती उरलंय हे माझं मलाच कळेना.

अशात एमआयडीसीतल्या एका कंपनीला फळांच्या खोक्यांची डिझाइनं करणारं माणूस हवं होतं. प्रियदर्शनीची ऑनलाइन मुलाखत ठरली, गुरुवारी अकराला. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते ती दुपारीच येते. म्हणजे सगळा भार माझ्यावर.

सोमवारी तिनं चार्जर काढून मला तपासलं. पडद्यावर अठ्ठावन्न टक्के दाखवत असतानाच मी बंद पडले. आबा बघत होते.

"बाद हाय ती. तुज्यासारखीच, अर्ध्यात बंद पडली."

तिनं मोबाईलवर बॅटरीचा इलाज शोधायला घेतला. मला मात्र आबांना एक चटका द्यावासा वाटला.

मंगळवारी तिनं मला पूर्ण भरलं, दोन तास तसंच ठेवलं आणि चार्जर काढून चालू सोडलं. पार बंद पडेपर्यंत चालवायचं, मग एका दमात भरायचं. गेलेली ताकद त्यानं परत येत नाही, पण खोटे आकडे दाखवणं थांबतं. चाळीस टक्क्यांवर आबांना राहवलं नाही. त्यांनी गुपचूप चार्जर लावला. सगळं मुसळ केरात.

बुधवारी पुन्हा पहिल्यापासून. या वेळी चार्जर पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात गेला. रंगुबाईआजीनं त्याच्या बाजूनं पीठ काढून भाकऱ्या थापल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही. आबा घरभर चार्जर शोधत होते.

"पिऊ, पार रिकामी व्हाया लागली की ही."

"आबा, तळ्यातली मापाची काठी सरकली, तर तुमी ती परत कधी रोवता?"

"तळं आटल्यावर."

"मग बसा गप."

आबा बसले. त्यांना कुणी असं बसवल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळानं मला तळ लागला. तीन वर्षांनी. काय हलकं वाटलं म्हणून सांगू.

गुरुवारी लाइट गेली. पडद्याचा उजेड कमी, नेट मोबाईलचं. मी शंभरावरून निघाले आणि एकेक टक्का इमानानं मोजत उतरले. पडद्यावरच्या कंपनीच्या बाई विचारत होत्या, कॉलेज का सोडलं? प्रियदर्शनीनं घरी सांगितलं होतं तेच, तसंच सांगितलं. मी नऊवर आले तसे आबा उठले, चार्जर भिंतीत खोचला आणि धरून उभे राहिले. लाइट नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी उभेच.

चार टक्क्यांवर बाई म्हणाल्या, "सोमवारी या." दोनवर तिनं लॅपटॉप मिटला. आबांच्या हातातली वायर तशीच होती.

आता मी रोज तिच्या पाठीवर एमआयडीसीला जाते. मूळच्या ताकदीतली एकसष्ट टक्केच उरलीय, पण तेवढी खरी. संध्याकाळी आबा दारातच विचारतात, आज किती उरली? ती म्हणते, तीस. "मग असू दे," म्हणतात आणि चार्जर आणायला उठत नाहीत.

तुमच्या घरात कुणी असं रुमालाखाली तापत असेल, तर आधी रुमाल काढा. आमचा रुमाल आता टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सवर आहे. त्या बॉक्सला मी सांगून ठेवलंय, दम धर, पिऊ आहे.