कपारीतली सतरा रोपं

कड्याच्या काठावर पालथं पडून ऑस्लानं खाली वाकून पाहिलं आणि तिला वाटलं, आपण चुकीच्या जागी आलो. पण जागा तीच होती. कपारीत काळी माती उकरलेली दिसत होती. रोप एकही नव्हतं.

शेटलंड बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीत सरळ उतरणाऱ्या या कड्याच्या कपारीत हॉकवीडची सतरा रोपं होती. वीतभर उंच, केसाळ पानांची, पाथरीसारख्या पिवळ्या फुलांची. हॉकवीडच्या जाती ढीगभर, पण ही जात जगात इथंच उरली होती. मेंढ्यांचं तोंड पोचेल तिथून ती केव्हाच संपली होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ऑस्ला दर जुलैत येऊन रोपं मोजायची.

तिनं पुन्हा खाली पाहिलं. लेंडी नाही, खुरांची खूण नाही. दगडावर सुरीचे ओरखडे मात्र होते.

कुंपणाला धरून ती कशीबशी उठली आणि तडक मान्सीच्या घराकडे निघाली. मान्सी तिचा शाळेपासूनचा सोबती. मेंढ्या अडवायला कड्यावरचं कुंपण दोघांनी मिळून घातलं होतं. हे सांगायचं तर त्यालाच.

त्यानं दार उघडलं. ती धापा टाकत आत शिरली.

"मान्सी, कुणीतरी सगळी नेली रे! मुळासकट! एकही ठेवलं नाही मेल्यांनी!"

चुलीशेजारच्या खुर्चीत त्याची बायको सिनी शाल पांघरून बसली होती. वर्षभराच्या खोकल्यानं तिचा पार सांगाडा झाला होता. तिच्या हातात वाफाळता पेला होता.

"बस गं ऑस्ला," सिनी म्हणाली. "हे बघ काय कडू जहर पाजतोय मला. चार दिवस झाले."

ऑस्लानं वर पाहिलं. चुलीवरच्या दोरीला एक जुडी उलटी टांगलेली होती. केसाळ पानं, वाळत चाललेली पिवळी फुलं. ती बघतच राहिली. डोळ्यांना दिसत होतं, पण मन मानत नव्हतं.

"तू?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"खोकला झाला की आजी रस्त्याकडेचं साधं हॉकवीड उकळून द्यायची," मान्सी जमिनीकडे बघत म्हणाला. "ते महिनाभर दिलं. उतार पडला, पण थोडाच. म्हटलं, साधं इतका गुण देतं, तर जगात एकच असलेलं किती देईल!"

"अरे, ती जातच वेगळी! आणि तुला माहीत होतं! मीच सांगितलं होतं तुला!"

"होतं माहीत."

सिनीनं पेला खाली ठेवला.

"मी काय प्यायले, मान्सी?"

त्याच क्षणी वाऱ्याच्या झोतानं दार सताड उघडलं, जुडी हलली आणि तिच्यातून कापसासारख्या पांढऱ्या म्हाताऱ्या सुटल्या. सुकता सुकता बोंडं पिकून उमलली होती. म्हाताऱ्या घरभर तरंगल्या. काही चुलीच्या उघड्या तोंडाकडे ओढल्या जाऊ लागल्या.

"दार लाव!" ऑस्ला किंचाळली. "बी आहे ते!"

मान्सीनं दारावर अंग टाकलं. ऑस्लानं लाथेनं चुलीचं झाकण बंद केलं. महिनोन्महिने खुर्चीतून न उठलेली सिनी उभी राहिली आणि शाल पसरून जुडीखाली धरली. मग तिघं म्हातारी माणसं गुडघ्यांवर रांगत, श्वास रोखून, फरशीवरून, पडद्यांवरून, एकमेकांच्या केसांतून बी वेचत राहिली. सिनीला खोकल्याची उबळ आली तेव्हा तिनं तोंडावर हात दाबून मान भिंतीकडे फिरवली.

"मुळं कुठायत?" ऑस्लानं विचारलं.

"उकळली," मान्सी म्हणाला, आणि तिथंच फरशीवर बसून हमसाहमशी रडू लागला.

ऑस्ला त्याच्याशी त्यानंतर आठ आठवडे बोलली नाही. सिनीशी मात्र रोज बोलली. या फुलाला परागांची गरज नसते, बियांतून आईसारखंच रोप निघतं, हे तिनं सिनीला सांगितलं. बारीक खडी आणि चिमूटभर माती भरलेल्या पेट्यांत दोघींनी बी पेरलं. पहिली पेटी जास्त पाण्यानं कुजली. दुसऱ्या पेटीत अकरा अंकुर आले.

"माझ्या पोटात गेलं त्यापेक्षा कमीच आहेत गं," सिनी म्हणाली.

नोव्हेंबरात सिनी गेली. दफनविधीला ऑस्ला मान्सीच्या शेजारी उभी राहिली, पण त्याचा हात तिनं धरला नाही.

मे महिन्यात तो स्वतःच कमरेला दोर बांधून तिच्या दारात आला. हिवाळ्यातून नऊ रोपं वाचली होती. ऑस्लानं दोर कुंपणाच्या खांबाला वेढून त्याला कड्यावरून हळूहळू खाली सोडलं. त्यानं एकेक रोप कपारीत बसवलं, बोटानं खडी दाबली. वर यायला त्याला फार वेळ लागला.

"फुलतील कधी?" त्यानं विचारलं.

"जगली तर पुढच्या वर्षी."

त्यानं मान हलवली आणि दोर गुंडाळायला घेतला. दुसरं टोक तिनं धरलं.