बाई काही म्हणतात का?

नवरा वारल्यावर भासऱ्यांनी, म्हणजे त्याच्या मोठ्या भावानं, मले डायरेक्टर केलं, ते काही प्रेमापोटी नाही. आमची मिरची-मसाल्याची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, अन् कायद्याले डायरेक्टर दोन लागतात, बैठकीलेही दोन. एक ते स्वतः. दुसरी मी.

आमच्याकडे भासऱ्यासमोर बाई बसत नाही, बोलत त नाहीच. म्हणून गांधीबागेतल्या ऑफिसात बैठक भरली की मी दाराआड उभी. ठराव वाचून झाला की भासरे मुनीमजींले विचारत, "बाई काही म्हणतात का?" बळीराम मुनीमजी दाराकडे पाहून म्हणत, "नाही." मग मंजूर. वर्षानुवर्षं असंच चाललं, अन् कोणाले त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण यंदा सण नाही, लग्न नाही, अन् मोठी जाऊ गोपिकाबाई माझ्यासाठी साडी घेऊन आली. म्हणे, उद्याच्या बैठकीत तू खुर्चीवर बस वं, तुझा मान आहे. मान? दाराआड उभं करणाऱ्यांले तो आजच काहून आठवला? आवळा देऊन कोहळा काढायची या घराची जुनी रीत. मी चहा ठेवला अन् तिले बोलू दिलं. बोलता बोलता ती म्हणाली, भिवापूरले आता माझ्या भावाचं येणंजाणं वाढन. अन् लगेच जीभ चावली.

भिवापूरले आमची मिरचीची गिरणी. माझ्या नवऱ्यानं उभी केलेली, अन् माझं घर तिच्यावरच चालते. ती गेली त मी नावापुरती डायरेक्टर, बाकी भासऱ्यांची आश्रित. कुठंतरी पाणी मुरून राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी खरंच खुर्ची होती, अन् समोर एक अनोळखी वकील. खरेदीदाराकडून आलेले. दोन्ही डायरेक्टर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते सौदा पुढे नेणार नव्हते. आत्ता कळलं मान कशाचा ते! मी डोक्यावर पदर घेऊन बसली. गिरणी विकायचा ठराव मुनीमजींनी वाचला. खरेदीदार म्हणून कोण्या फर्मचं नाव. भासरे छताकडे पाहत म्हणाले, "बाई काही म्हणतात का?"

मुनीमजींनी तोंड उघडायच्या आत मी खडा टाकला. "म्हणतात. त्या फर्मचा मालक तुमचा साळा आहे, हे वकीलसाहेबांले सांगितलं का?"

वकिलांनी पेन बंद केलं. डायरेक्टरचा सोयरा खरेदीदार असेल त ते बैठकीत आधी उघड सांगावं लागते, असं ते भासऱ्यांले म्हणाले, अन् खरं काय ते विचारलं. भासऱ्यांचे कान लाल झाले. उत्तर वकिलांले नाही, हुकूम मुनीमजींले.

"बाईंले आत जायले सांगा."

मले असा राग आला न बाप्पा, की पदराचंही भान राहिलं नाही.

"मी आत गेली त बैठक मोडते," मी म्हटलं, "अन् बसली त ठराव. तुम्हाले कोणतं पाहिजे?"

भासऱ्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मग तुमचं म्हणणं तरी काय?"

"गिरणी विकायची नाही. मुनीमजी, लिहा."

मुनीमजींनी सवयीनं भासऱ्यांकडे पाहिलं.

"तिकडं काय पाहता?" मी म्हटलं. "मी बोलून राहिली."