तारवाल्याचा आवाज

"मी तर ही मालिका तुकड्यातुकड्यांनीच बघितली," लिफ्टवाला सांगत होता. "हॉटेलात लिफ्ट चालवायचो. खाली टीव्ही लावलेला. दार उघडलं की जरा दिसायचं, तेवढ्यात गिऱ्हाईक आत, की दार बंद. वर जाऊन खाली येईपर्यंत कुणीतरी मेलेलं असायचं. कोणी मारलं, का मारलं, काही पत्ता नाही! मग काय, लोकांच्या बॅगा उचलायला मुद्दाम वेळ लावायचो."

सगळे हसले. दातांची डॉक्टरीण म्हणाली, "माझं त्याहून वाईट. लहानपणी दाढ काढायला नेलं होतं. बाहेर बसवून ठेवलं, समोर टीव्हीवर हे. भाग ऐन रंगात आला आणि मला आत बोलावलं. पुढच्या आठवड्यात माझी दाढ पुन्हा दुखायला लागली. त्याच वारी, त्याच वेळेला. चांगल्या दाढा गेल्या माझ्या या मालिकेपायी."

"आणि आता सूड म्हणून दुसऱ्यांच्या काढता," लिफ्टवाला म्हणाला.

सर हसले नाहीत. सर शिकवण्या घेत, आणि या चाहत्यांच्या मंडळाचे अध्यक्षही तेच होते. "मी पहिला भाग लागला त्याच दिवशी पाहिला," ते म्हणाले. "आणि बाई, तुम्ही मागे म्हणालात की तुम्ही आत गेलात तेव्हा कप्तान जिन्यावरून पडत होता. तो जिना नव्हता. शिडी होती." कुणाचे काही चुकलेले सरांना खपत नसे. कुणी नमस्कार केला तर त्यातही ते दुरुस्ती सुचवतील, असे छोट्या म्हणायचा.

ताई आत ओट्यापाशी चहा गाळत होती आणि तिचा एक कान बाहेरच्या खोलीकडे होता. 'दूरची चौकी' या मालिकेने या सगळ्यांना वेड लावले होते. सूर्यसुद्धा टाचणीच्या डोक्याएवढा दिसेल इतक्या लांबच्या एका चौकीत अडकलेली माणसे, आणि त्यांना न्यायला कधीच न येणारे यान, एवढ्या भांडवलावर ती वर्षानुवर्षे चालली होती. तिच्यातले कप्तान बदलले, यंत्रमानव बदलले, मध्ये एकदा चौकीच जळून नवी झाली. पहिल्या भागापासून एकच माणूस टिकून होता. तो कानाला यंत्र लावून रोज घरी निरोप पाठवायचा आणि त्याला कधी उत्तर यायचे नाही. मालिकेत त्याला काही भारदस्त नाव होते, पण या घरात तो पहिल्यापासून तारवालाच होता. आज शेवटचा भाग होता. छोट्याला घराबाहेर नेणे आता जमत नव्हते, म्हणून मंडळच त्याच्याकडे आले होते.

छोट्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. केस पांढरे झाले तरी तिच्या तोंडी छोट्याच. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासण्यात त्याचा जन्म गेला, आणि साखरेने नेमके त्याचेच डोळे नेले. त्यावर पहिला विनोद त्यानेच केला होता, कारण दुसऱ्या कुणाची करायची हिंमत झाली नाही. पुढे मूत्रपिंडे गेली. ताई ज्या रुग्णालयाच्या कपडेखान्यात फाटक्या चादरींना ठिगळे लावायची, तिथेच तो आता यंत्राला जोडून पडायचा, आणि कधीकधी त्याच्या अंगाखाली तिनेच शिवलेली चादर असायची. गेल्या खेपेला डॉक्टरांनी तिला बाजूला घेतले होते आणि सांगायचे ते फारसा आडपडदा न ठेवता सांगितले होते. छोट्याला सांगायची गरज पडली नाही. घरी येताना तोच म्हणाला, "ताई, तो घरी पोचतो का नाही, एवढं कळलं की झालं माझं."

तेव्हापासून ताईच्या डोक्यात एकच होते. न पोचला तर?

"भाऊ, आता तुमची पाळी," डॉक्टरीणबाई बाहेर म्हणाली. "तुम्हाला कशी सापडली?"

"मला ताईने दाखवली," छोट्या म्हणाला.

ताईच्या हातातली गाळणी हलायची थांबली.

"घराला किल्ली एकच, ती आईकडे. आई कारखान्यात. ती सुटेपर्यंत आम्ही दोघं टीव्हीच्या दुकानाबाहेर थांबायचो, छपराखाली. काचेआड टीव्ही लावलेला असायचा. आवाज मात्र नाही."

"मग कळायचं कसं?" लिफ्टवाल्याने विचारले.

"ताई सांगायची ना! तिला ओठ वाचता यायचे."

"परभाषेतून आणलेली मालिका ती," सर लगेच म्हणाले. "ओठ कसे जुळतील?"

"सर, चहा घ्या," म्हणत ताई कप घेऊन बाहेर आली.

तिला ओठबिठ काही वाचता येत नव्हते. खरी गोष्ट अशी होती की बाबा बाहेरगावी कामाला म्हणून गेले होते. खांद्यावर निळी कापडी पिशवी, तिचा तुटलेला बंद सुतळीने बांधलेला. दारात वळून ते "आलोच" म्हणाले होते. पुढे एकदा आईने भांडी घासता घासता, मान वर न करता, ताईला सांगून टाकले की त्यांनी तिकडे दुसरे घर केले आहे, आणि हे छोट्याला बोलायचे नाही. त्या काचेसमोर छोट्या रोज विचारायचा, बाबा कधी येणार. काचेआड एक माणूस कानाला तार लावून ओठ हलवत होता.

"बघ, तो काय म्हणतोय," ती म्हणाली होती. "म्हणतोय, ऐकू येतंय का, मी निघतोय. पिशवी भरून ठेवली आहे."

"कसली पिशवी?"

"निळी. खाटेखाली आहे. इथून दिसत नाही."

मग रोज तो निघत राहिला. कधी यान बिघडले, कधी वाटेत वादळ आले, पण पिशवी भरलेलीच असायची. छोट्या काचेला नाक लावून बघत असे आणि त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली की ताई बाहीने पुसून देत असे. बाबांची चौकशी हळूहळू कमी झाली आणि तारवाल्याची वाढली.

पुढे आईने कुणाचा तरी जुना टीव्ही घरी आणला. दोघं पुढ्यात बसली आणि तारवाला पहिल्यांदा खरा बोलला. बारीक, नाकातला आवाज, आणि बोलणे काय तर वायर जळली, चहा गार झाला, माझ्या खुर्चीत कोण बसले होते. घराचे नाव नाही. ताईला वाटले, आता आपले पितळ उघडे पडणार. छोट्याने मन लावून ऐकले आणि गंभीरपणे म्हणाला, "ताई, ह्यांनी आवाज चुकीचा लावलाय." ती खो खो हसली, आणि मग न्हाणीघरात जाऊन दार लावून रडली. खरे सांगायची ती एक वेळ होती. ती गेली ती गेलीच.

"लागलं, लागलं!" लिफ्टवाला ओरडला.

ताई छोट्याच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसली. डोळे गेल्यापासून दर भागाला त्यांची बसायची ही पद्धत होती. बोलणे त्याला ऐकू येई, दिसणारे ती सांगे.

"यान आलं," ती म्हणाली. "खरंच आलं रे. मोठ्ठं आहे. खिडक्यांत दिवे आहेत."

छोट्याने तिचा हात धरला. त्याची बोटे अलीकडे कायम थंड असत. चौकीतली माणसे रडत, हसत सामान बांधू लागली. मग यंत्रमानवाने बातमी दिली की कुणीतरी मागे राहून खुणेचा दिवा चालू ठेवल्याशिवाय यान वादळातून बाहेर पडणार नाही. दारात उभ्या कप्तानाने हाक मारली. तारवाल्याचा नाकातला आवाज आला, "तुम्ही व्हा पुढे. मी आलोच."

त्यानंतर मालिकेत कुणीच बोलले नाही. नुसते संगीत सुरू झाले.

"काय झालं?" छोट्याने विचारले. "ताई?"

दार बंद झाले होते. यान लांब गेले, ठिपका झाले. तारवाला आपल्या खुर्चीत बसला. त्याने कानाचे यंत्र काढून मेजावर नीट ठेवले. त्याचा श्वास पांढरा दिसत होता. खिडकीची काच कडांकडून गोठत चालली होती. डॉक्टरीणबाईने तोंडावर रुमाल दाबला. लिफ्टवाला डोळे मिटून बसला.

"ताई, सांग ना. तारवाला?"

"निघाला," ताई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने कुणाकडेच पाहिले नाही.

"निघाला तो. वाकून त्याने खाटेखालून पिशवी ओढली. निळी आहे. बंद तुटलाय, तिथे सुतळी बांधली आहे. खांद्याला लावली. पळतोय आता. चढला, चढला यानात."

"मग?"

"मग... यान उतरलं. गल्ली आहे. दिवे लागलेत. एका दारात बाई उभी आहे, आणि दोन पोरं. तो आता दाराशी आला."

"दार उघडलं?"

पडद्यावर तारवाल्याची मान छातीवर आली होती आणि बर्फाने काच पूर्ण झाकली होती. तेवढ्यात सरांनी घसा खाकरला, आणि ताईने छोट्याची बोटे घट्ट धरली. या माणसाने जिन्याचीसुद्धा गय केली नव्हती.

"उघडलं," सर म्हणाले. "अगदी स्पष्ट दिसतंय. बाईनेच उघडलं."

"आणि धाकटं पोर पळत आलं," लिफ्टवाला डोळे न उघडता म्हणाला.

संगीत संपले. मान हलवून छोट्या म्हणाला, "छान. छान झालं."

मंडळी फार बसली नाहीत. डॉक्टरीणबाईने जाताना ताईला घट्ट मिठी मारली. लिफ्टवाल्याने, त्याच्या वाटेला बसच जात नसताना, शेवटची बस चुकेल असे काहीतरी सांगितले. सर दारात अडखळले. चष्मा काढून पुसत म्हणाले, "येतो ताई. ती शिडीच होती, पण असू द्या. जिना म्हटलं तरी चालेल." आणि भराभर जिना उतरून गेले.

ताईने दार लावले, कप गोळा केले. टीव्हीवर कसल्याशा साबणाची जाहिरात चालली होती.

"ताई," छोट्या म्हणाला, "सर आजवर कुणाच्या बोलण्याला हो म्हणालेत?"

ती कप घेऊन आत निघाली.

"तेव्हाच कळलं मला. तो बसूनच राहिला ना?"

कप तिने परत मेजावर ठेवले. "हो," ती म्हणाली. "बसून राहिला."

"दिवा?"

"चालू होता. शेवटपर्यंत."

"म्हणजे बाकीचे पोचले असतील." तो थोडा थांबला. बोलताना हल्ली त्याला धाप लागत असे. "ती पिशवी बाबांची होती."

ताई स्टुलावर बसली. इतकी वर्षे जपलेले काही हातातून सुटले, आणि तिला वाटले होते तसा आवाज झाला नाही.

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"दुकानाबाहेर थांबायचो तेव्हापासून. आई ते तुला सांगत होती तेव्हा मी मोरीच्या दाराआड होतो." तो हसला. "दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, तो निघतोय. मी म्हटलं, ही एवढं सांगते आहे तर ऐकून घ्यावं."

"अरे, मग बोलला का नाहीस? मी आयुष्यभर..." तिला राग आला होता, आणि रागावायला समोर उरलेला माणूस केवढासा होता, ते दिसत होते.

"बोललो असतो तर तू थांबली असतीस."

खाली रस्त्यावरून एक गाडी गेली आणि खिडकीचे तावदान थरथरले. ताईने पदराने डोळे पुसले. छोट्याचे पांघरूण खांद्यापर्यंत ओढले, कड दुमडून नीट केली.

"झोपतोस का?"

"एवढ्यात नको. आवाज बंद कर टीव्हीचा." त्याने चाचपत हात पुढे केला. "आणि परत सांग. पिशवीपासून."

तिने आवाज बंद केला. पडद्यावर एक बाई कुणाला तरी स्वच्छ धुतलेले कपडे दाखवत होती आणि तिचे ओठ हलत होते. ताईने त्याची थंड बोटे आपल्या हातात घेतली.

"वाकला तो," ती म्हणाली. "खाटेखाली हात घातला."